बाटलीच्या गळ्यातला दोरा

काढा उकळणं ही नोकरी असते, हे कोणाला पटत नाही. मी ती बारा वर्षं केली. सकाळी सातला शेगड्या पेटवायच्या, चिनी मुळ्या-साली मातीच्या मडक्यात भिजत घालायच्या, दोनदा उकळायच्या, गाळायच्या, बाटल्यांत भरायच्या. बाटल्या कोणाच्या? ज्या बायकांच्या पिशवीत गाठ आहे त्यांच्या. आमच्याकडे गर्भाशयाला पिशवीच म्हणतात, तेव्हा मीही तेच लिहीन.

मी सातवी नापास माणूस. या अंकाचं काम पाहणारे मास्तर घरी आले, म्हणाले, "नामदेवभाऊ, तुमच्या कामाचं लिहा." मी म्हटलं, "मास्तर, मले ऱ्हस्व-दीर्घ समजत नाई." ते म्हणाले, "ते मी पाहतो. तुमी खरं तेवढं लिहा." म्हणून शुद्धलेखन त्यांचं आहे. खरं-खोटं माझं.

आणखी एक आधीच सांगतो. माझी बायको पार्बता दोन वर्षांपूर्वी गेली. हे लिहिताना ती शेजारी पाहिजे होती, कारण यातलं अर्धं काम तिचं आहे आणि अक्कल तर बहुतेक तिचीच.

मी आधी कापसाच्या जिनिंगमध्ये बॉयलरवर होतो. ते बंद पडलं तेव्हा माझी पंचेचाळिशी झाली होती आणि आग राखण्याशिवाय मला काही येत नव्हतं. त्याच सुमारास, नव्वद सालानंतरची गोष्ट, वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला एका डॉक्टरबाईंनी दोन खोल्या भाड्यानं घेऊन दवाखाना काढला. बाई आपल्याच भागातल्या. इथली डॉक्टरी करून मग हाँगकाँगला जाऊन सुया टोचायची आणि चिनी झाडपाल्याची विद्या शिकून आल्या होत्या. त्यांना काढे उकळायला माणूस पाहिजे होता. मला विचारलं, "औषधातलं काय कळतं?"

"काईच नाई."

"मग काय कळतं?"

"आग कळते."

"उद्यापासून या," म्हणाल्या. एवढीच मुलाखत.

आता ही गाठ म्हणजे काय, ते मला बाईंनी जसं सांगितलं तसं सांगतो. बाईच्या पिशवीच्या भिंतीत मांसाचा गोळा वाढतो. कोणाला बोराएवढा, कोणाला नारळाएवढा. बहुतेक वेळा तो कॅन्सर नसतो. पुष्कळींना तर असून पत्ताही नसतो. पण काहींच्या अंगावरून पाळीच्या दिवसांत इतकं जातं की आठ-आठ, दहा-दहा दिवस थांबत नाही. रक्त कमी होतं, धाप लागते, पाय सुजतात, आणि घरचे म्हणतात कामचुकार आहे.

चिनी वैद्यांचं म्हणणं असं की ही गाठ म्हणजे साचलेलं रक्त. नालीत गाळ बसावा तसं. ते हलवायचं. त्यासाठी त्यांचा एक फार जुना पाच जिनसांचा काढा आहे: दालचिनीच्या कोवळ्या काड्या, पाइनच्या मुळाशी उगवणारी पांढरी बुरशी, आडूच्या म्हणजे पीचच्या बियांतला गर, एका फुलझाडाची साल आणि त्याच्याच भावकीतल्या झाडाची लाल मुळी. बाई हे सांगून झाल्यावर दर वेळी पुढं म्हणायच्या, "नामदेवभाऊ, हे त्यांचं म्हणणं आहे. गाठ विरतेच, असं कोणी पक्कं सिद्ध केलेलं नाही. दुखणं कमी होतं का, जाणं कमी होतं का, तेवढं आपण पाहायचं." मला त्यांच्या बोलण्यातला पुढचा भाग ऐकू येत नसे. मी पहिला भाग धरून बसलो होतो. का, ते सांगतो.

पार्बता बत्तीस वर्षांची असताना तिच्याही पिशवीत गाठ निघाली होती. एक मुलगा झालेला होता, तिला अजून एक पोरगी पाहिजे होती. डॉक्टर म्हणाले पिशवी काढून टाकू. कागद समोर आला. ती आत खाटेवर होती, मी बाहेर. मी सही करून दिली. तिला विचारलं नाही. विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "सांगून तं पाहाचं होतं." त्यानंतर कधी बोलली नाही. पण मी जेव्हा या कामावर लागलो तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं की आपल्या मडक्यामुळं एक तरी पिशवी वाचली पाहिजे. मी उकळत होतो तो काढा नव्हता, माझं भांडण होतं ते.

माल कलकत्त्याहून यायचा. तिथं चिनी लोकांची जुनी वस्ती आहे, तिथल्या एका म्हाताऱ्या चिनी वैद्याकडून. हावड्याकडच्या गाडीनं पार्सल वर्ध्याला उतरायचं आणि मी सायकलवर आणायचो. पार्सल ऑफिसातले बाबू प्रत्येक वेळी पोतं सोडून पाहायचे. बुरशीचे पांढरे चौकोनी तुकडे हातात घेऊन म्हणायचे, "नामदेव, हे कोनाचे हाडं होय?"

"हाडं नोहोत जी. बुरशी होय."

"बुरशीसाठी हावड्याहून पार्सल? तुह्या घरी पावसाळ्यात होत नाई काय?"

मडकी मी पवनारच्या कुंभाराकडून आणायचो. लोखंडाच्या किंवा जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, भांड्यात हा काढा करायचा नसतो. मडकं आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचं, पहिल्यांदा नुसती पेज उकळायची, मग औषध. नाही तर तडकतं. माल अर्धा तास भिजला पाहिजे. उकळी आली की आग मंद करायची, आणि ती मंदच राहिली पाहिजे. इथं बॉयलरवरची वर्षं कामाला आली. बाई दुसऱ्या खोलीतून नुसत्या वासावर सांगायच्या, "दोन नंबरची शेगडी जास्त झाली." आणि ती झालेली असायची.

बाया घरी का उकळत नव्हत्या? एक तर वास. सगळ्या आळीला कळतं. दुसरं, त्या दिवसांत बाई बाजूला बसते, चुलीजवळ जात नाही, मग तिच्यासाठी काढा कोण उकळणार? म्हणून आम्ही उकळून बाटलीत द्यायचो. आणि बाटल्यांचीच मोठी अडचण होती. काचेच्या, बुचाच्या, सारख्या मापाच्या बाटल्या भंगारवाल्याकडं एकाच प्रकारच्या मिळायच्या. आमचा जिल्हा दारूबंदीचा. दारू मिळत नाही म्हणतात, पण रिकामे पव्वे पोत्यानं मिळतात. ते मी सोड्यानं धुऊन, उकळून घ्यायचो.

एकदा पवनारच्या दोघी बायांच्या बाटल्या झोळ्यात घालून सायकलवर निघालो. नाक्यावर एका हवालदारानं थांबवलं. झोळा वाजत होता.

"काय हाये?"

"बायकाईचं औषध हाये साहेब."

"सारेच औषध म्हन्तेत." त्यानं बूच काढलं. वास घेतला. रंग पाहिला, तो बरोबर तसाच. माझ्याकडं पाहत त्यानं एक मोठा घोट घेतला. मग सायकलच्या चाकापाशी वाकून बराच वेळ थुंकत राहिला.

"हे पिऊन होते काय, बापा?"

"पिशवीची गाठ कमी होते म्हन्तेत."

"मले काई होनार नाई ना?"

"तुमाले पिशवी असन तं होईन," मी म्हटलं.

त्यानंतर तो मला पाहिला की लांबूनच हात हलवायचा, "जाय, जाय गाठवाल्या." सहा महिन्यांनी त्याची बायको दवाखान्यात आली. म्हणाली, यायनं पाठवलं, औषध अस्सल हाये म्हणे.

बाजारपेठेतल्या एक शेठाणी होत्या, वय पन्नाशीच्या आसपास. त्यांची गाठ वर्षभरात निम्मी झाली. त्यांनी मला दवाखान्यात हार घातला, पेढे वाटले, आणि जो भेटेल त्याला सांगत सुटल्या की नामदेवच्या हातात गुण आहे. मी तो हार घरी नेऊन खुंटीला टांगला. बाईंनी दुसऱ्या दिवशी मला बसवून सांगितलं, "त्यांची पाळी जायची वेळ झाली होती. पाळी गेली की या गाठी आपोआप सुकतात. काढा नसता घेतला तरी सुकली असती." मी म्हटलं, "तुमाले कसं माहीत, काढ्यानं नसन सुकली?" त्या म्हणाल्या, "नाही माहीत. तुम्हालाही नाही. म्हणून हार घालून घ्यायचा नाही." मला राग आला होता. हार मी पंधरा दिवस उतरवला नाही.

आता दोऱ्याची गोष्ट.

पाळी सुरू असताना हा काढा तसाच द्यायचा नसतो. रक्त हलवणारं औषध वाहत्या रक्तावर दिलं तर आणखी जातं, असा बाईंचा कडक नियम. म्हणून मी दोन मडकी ठेवायचो. एक नेहमीचं, आणि दुसरं आडूचा गर व लाल मुळी वगळून केलेलं, त्या दिवसांसाठी. पण बाई त्या दिवसांत आहे हे मला कळणार कसं? मी मिशीवाला माणूस, पुढ्यात मडकं. माझ्याजवळ येऊन कोण बोलणार? पहिल्या वर्षी बाया येत, बाटली ठेवत, भिंतीकडं पाहत उभ्या राहत. मी विचारलं की पदर तोंडात.

पार्बताला हे सांगितलं तर ती हसली. "तुमाले कोन सांगन मेली? बाटलीच्या गयाले दोरा बांधाले सांगा. दोरा दिसला की समजून घ्या. तोंड उघडाचं कामच नाई."

तसंच केलं. साधा शिवायचा पांढरा दोरा. दिवस सुरू झाले की रोज बाटलीच्या गळ्याला दोरा, संपले की बाटली मोकळी. दोरा दिसला की मी दुसऱ्या मडक्यातलं भरायचो. आणि सात दिवसांच्या वर दोरा येत राहिला तर लगेच बाईंना सांगायचं, हा पक्का नियम. पाच-सहा वर्षं हे बिनबोभाट चाललं. कोणीही कोणाला काही न विचारता मला पंचवीस-तीस घरांतलं सगळं माहीत असायचं. मला त्याचा गर्व झाला होता, हे कबूल करतो.

वंदना आली तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. आंजी मोठी या गावी सासर. नवरा सुभाष रोज सकाळी फटफटीवर दुधाच्या कॅन घेऊन वर्ध्याला यायचा. लग्नाला सहा वर्षं, मूल नाही, पिशवीत मोसंबीएवढी गाठ. एका ठिकाणी पिशवी काढायला सांगितली होती. सासू म्हणत होती, काढून टाका, रोजची कटकट नको. बाईंनी तिला नीट समजावलं: सहा महिने पाहू, गाठ जाईलच असं मी म्हणत नाही, दर महिन्याला येऊन रक्त तपासायचं, आणि ते कमी झालं की मोठ्या दवाखान्यात जायचं. तिनं मान हलवली. मग बाटली घ्यायला माझ्याकडं आली. बाकीच्या बाया माझ्याशी बोलायच्या नाहीत, ही बोलली.

"काकाजी, माही पिशवी राहीन ना?"

हा प्रश्न बाईंना विचारायचा होता. मी सांगायला पाहिजे होतं, मले नाई माहीत पोरी. मी म्हटलं, "राहीन. मी उकळून राह्यलो ना."

तोंडातून गेलं ते गेलं.

रोज सकाळी सुभाष दूध वाटून झालं की रिकामी बाटली द्यायचा, भरलेली घेऊन जायचा. पहिल्या महिन्यात दोरा नऊ दिवस आला. आठव्या दिवशीच मी बाईंना सांगितलं, त्यांनी लोहाच्या गोळ्या वाढवल्या. दुसऱ्या महिन्यात दोरा फक्त दोन दिवस आला. तिसऱ्या दिवशी बाटली मोकळी, आणि अशी लखलखीत धुतलेली की माझ्या उकळलेल्या बाटल्या तिच्यापुढं मळक्या. त्यानंतर दोरा आलाच नाही. मी रोज नेहमीच्या मडक्यातलं भरत गेलो. त्या महिन्याच्या तपासणीलाही ती आली नाही. सुभाष म्हणाला घरी काम निघालं. मी म्हटलं, हरकत नाही, बरी आहे म्हणूनच येत नसेल. बाईंना मीच सांगितलं, "वंदनाचं जानं आटोक्यात आलं. दोन दिवसावर." बाईंनी डोळे बारीक केले. "इतक्या लवकर? तिला घेऊन यायला सांगा." मी सुभाषला सांगितलं, पण कसं? हसत हसत. "आनजो कवातरी."

घरी पार्बतासमोरही मी तेच वाजवत होतो. ती तूर निवडत बसली होती.

"तिले पाह्यलं काय तुमी?" तिनं विचारलं.

"रोज पाहून राह्यलो ना तिची बाटली."

"बाटलीच्या अंगात रक्त नसते."

"तुले काय समजते त्यातलं?"

"दोन दिवसावर कोनाचं येत नाई. अन तुमची बाटली इतकी घासते कोन? जिच्या अंगात जीव नाई ते घासन काय?"

दुसऱ्या दिवशी पार्बतानं एक नवीन बूच पदराला बांधलं. म्हणाली, बूच द्यायला चालली, कोणी विचारलं तर तेवढंच सांगीन. सकाळच्या बसनं ती आंजीला गेली.

दुपारी दोनच्या सुमाराला दवाखान्यासमोर एक भाड्याची काळी-पिवळी जीप थांबली. आधी पार्बता उतरली, मग सुभाषची माय, मग दोघींनी मिळून वंदनाला उतरवलं. बॉयलरवर मी भाजलेली माणसं पाहिली होती. असा चेहरा पाहिला नव्हता. जिनमधून नुकत्या निघालेल्या रुईसारखा पांढराफटक. बाईंनी तिची पापणी खाली ओढली आणि स्वतःची पर्स उचलली.

त्याच जीपनं आम्ही मोठ्या दवाखान्याकडं निघालो. वाटेतच सगळं कळलं. दुसऱ्या महिन्यात सुभाषच्या मायनं दोरा बांधलेली बाटली दुधाच्या कॅनांमध्ये खोचलेली पाहिली होती. दोरा म्हणजे ते दिवस, एवढा अर्थ तिला माहीत होता, वंदनानंच सांगितला होता. आणि अर्थ माहीत होता म्हणूनच तिनं तो तोडला. विटाळशीची बाटली, तिच्यावर तिची खूण, आणि ती दुधाला लावून चार घरी फिरवायची? मग रोज ती बाटली राखेनं घासायची, दोरा तोडून चुलीत टाकायची, आणि स्वच्छ बाटली पाठवायची. वंदनाला हे माहीतच नव्हतं. ती मागच्या खोलीत पडल्या पडल्या रोज दोरा बांधत होती. सतरा दिवस झाले होते. तिला वाटत होतं, काकाजींना दिसत आहे, काकाजी औषध बदलून देत आहेत, धीर धरला पाहिजे. आणि मी तिला उलटं औषध भरून देत होतो.

मी मायवर ओरडलो. म्हातारी घाबरली नाही. "मले कोन सांगतलं का दोरा औषधाचा होय? तुमी सांगतलं काय? डॉक्टरनं सांगतलं काय? दूध नासलं असतं तं लोकाईनं कोनाले शिव्या देल्या असत्या?"

खरं बोलत होती. आम्ही दोरा बायकांना शिकवला होता, घरांना नाही. ज्या घरातून ती बाटली निघते तिथं कोण कोण आहे, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

मोठ्या दवाखान्यात आधी रक्त चढवलं. एक बाटली पार्बतानं दिली, तिचं रक्त जुळलं. तिसऱ्या दिवशी तिथल्या सर्जन मॅडमनी मला बोलावलं. मी काढ्याचा चोथा फडक्यात बांधून नेला होता. सगळं सांगितलं, मडकी दोन, दोरा, सतरा दिवस. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या घरच्या बाईला दिला असता का हा, न पाहता?"

मी म्हटलं, "घरच्या बाईले तं मी याच्यापेक्षा वाईट केलं." त्यांना काही समजलं नाही. पार्बता मागं उभी होती, तिला समजलं.

मॅडम म्हणाल्या ऑपरेशन करावंच लागेल. सुभाष पुढं झाला. कागद समोर होता, तो म्हणाला, "मॅडम, पिशवीच काढा. जीव राहू द्या बस." त्यानं पेन उचललं. पोरगं वाईट नव्हतं. घाबरलं होतं. मी त्याच्या हाताकडं पाहत होतो, आणि मला माझाच हात दिसत होता.

पार्बता म्हणाली, "थांब गा सुभाष."

"काकू, ते बेजार हाये..."

"बेजार हाये, बहिरी नाई. पेन तिच्या हातात दे. मॅडम, आधी तिले सांगा. तिची वस्तू हाये."

मॅडम उठल्या. खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या आणि वंदनाला सांगितलं की नुसती गाठ काढून पिशवी ठेवता येण्यासारखी आहे. पण टेबलावर रक्त थांबलं नाही तर पिशवी काढावी लागेल, तेव्हा विचारायला वेळ नसेल. पुन्हा गाठ होणार नाही असंही नाही. वंदनानं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "गाठ काढा. पिशवी राहीन तोवर राहू द्या. नाईच राह्यली तं काढा, मी रडनार नाई." आणि पेन घेऊन सही केली. आडनाव रेषेच्या खाली गेलं.

चार तास आम्ही बाहेरच्या बाकावर होतो. मी, सुभाष, त्याची माय, पार्बता. म्हातारी एकदा उठून माझ्यासाठीही पाणी घेऊन आली. मॅडम बाहेर आल्या, टोपी काढली, म्हणाल्या, "पिशवी आहे."

इतकी वर्षं मी ऑपरेशनच्या सुरीशी भांडलो. आणि ज्या एका पिशवीबद्दल मी तोंड भरून शब्द दिला होता, ती सुरीनंच वाचवली. हे मी आता न लाजता लिहितो. तेव्हा मात्र बस स्टँडपर्यंत मी पार्बताच्या दोन पावलं मागं चालत आलो. तिथं मी पार्बताला म्हटलं, "तवा तुले इचाराले पायजे होतं."

ती थांबली. किती वर्षं झाली होती, पण तिनं कधी, काय, असं विचारलं नाही.

"आता सांगून काय करता," म्हणाली. "चहा पाजा."

आम्ही चहा घेतला. तिनं दोन कप घेतले.

दुसऱ्या आठवड्यापासून बाईंनी कामाची रीतच बदलली. दर पंधरा दिवसांनी औषध घेणारी स्वतः आली नाही, बोटातून रक्त काढून पाहिलं नाही, तर तिची बाटली भरायची नाही, मग कोणी कितीही रागावो. आणि माझ्या मडक्यांजवळ एक स्टूल आलं. त्यावर पार्बता बसायची. ती भिंतीकडं पाहू द्यायची नाही. "किती दिवस झाले वो? कपड्याच्या घड्या किती लागते? इकडं पाह्य, मले सांग, हे बुढा बहिरा हाये." मी बहिरा नव्हतो, पण त्या कामापुरता झालो. सासूला सोबत आणायची, असा तिचा नियम. सासवांना ती आधी बसवायची, सुनांना नंतर. दोरा चालूच राहिला, पण आता घराला ठाऊक असायचा. ज्यांचं दुखणं कमी झालं त्यांना आम्ही काढा देत राहिलो. ज्यांचं रक्त उतरू लागलं त्यांना पार्बता स्वतः रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात न्यायची. अशा पाच-सात जणी तरी वेळेवर पोचल्या. माझ्या मडक्यानं किती गाठी विरल्या, ते मला सांगता येणार नाही. त्या स्टुलानं किती जीव वाचले, ते मी बोटांवर मोजून सांगू शकतो.

अडीच वर्षांनी वंदनाला मुलगी झाली, पोट फाडून, पण दोघी धडधाकट. ती म्हणाली, नाव पार्बता ठेवू. पार्बतानं ते हाणून पाडलं. "जुनं नाव हाये, शाळेत पोट्टे हसतीन तिले."

मग कलकत्त्याचा म्हातारा वैद्य वारला. त्याची मुलं परदेशात गेली, पार्सल बंद झालं. बाईंनी थोडे दिवस इकडंतिकडं मागवून पाहिलं, पण माल त्यांच्या मनास येईना, आणि न पटणारा माल त्यांनी कधी मडक्यात घालू दिला नाही. दवाखाना बंद झाला. शेवटचं मडकं मी घरी आणलं. पार्बतानं त्यात कढीपत्ता लावला.

ती गेली हिवाळ्यात, सकाळी, अंगणात बसल्या बसल्या. डॉक्टर म्हणाले हृदय. मला काही समजलं नाही. बारा वर्षं बायकांच्या बाटल्या पाहिल्या, घरात कोणाची बाटली रिकामी होत आली ते दिसलं नाही. त्यावर जास्त लिहीत नाही.

तिचं तेरावं झाल्यावर वंदना आली. पोरगी सोबत होती, आता चांगली उंच झाली आहे, तिला शेजारच्या घरी टीव्ही पाहायला पाठवलं. मग म्हणाली, "काकाजी, सोनोग्राफीत पुन्हा लहानशी गाठ दिसली. मॅडम म्हन्ते, भेव नाई, बोराएवढी हाये. दिवसाईवर ध्यान ठेवा, जास्त झालं की या. काकूले सांगत होतो मी सारं. आता कोनाले सांगू?"

"सुभाषले सांग."

"त्यायले कॅन किती हायेत ते ध्यानात राहत नाई."

मुलगा तेरावं करून आपल्या नोकरीच्या गावी परतला होता. मी घरात स्वयंपाकही धड करत नव्हतो. सकाळी उठून काय करायचं, हाच प्रश्न होता.

"तुमाले दोरा समजते," ती म्हणाली.

तेव्हापासून सुभाष माझ्या दारात थांबतो. अर्धा लिटर दूध काचेच्या बाटलीत आणतो, कॅनमधून मापून देत नाही, बाटली घरूनच भरून येते. महिन्यातून चार-पाच दिवस तिच्या गळ्याला दोरा असतो. दुधाच्याच बाटलीला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी सुभाषला विचारलं, "माय काई म्हनत नाई काय?"

"मायच बांधते ना जी. डोयानं दिसत नाई तिले, चाचपत बांधते. म्हन्ते, तुह्या भरवशावर नाई सोडत."

गाठ पाहिली तर खरंच तिची. एकावर एक तीन, सुटता सुटत नाही. मला ती दातानं सोडावी लागते. सोडलेला दोरा मी कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवतो आणि तारखेवर एक टिंब देतो. सातच्या वर टिंबं गेली तर काय करायचं ते मला माहीत आहे. आंजीच्या बसची वेळ भिंतीवर लिहून ठेवली आहे आणि एक नवीन बूचही घरात आहे. अजून पाचाच्या पुढं टिंब गेलेलं नाही.

या महिन्याचीही पाच झाली. आज सहावा दिवस. सकाळी सुभाषनं हॉर्न दिला, बाटली कट्ट्यावर ठेवली आणि निघून गेला. मी चष्मा लावून पाहिलं, मग बोट फिरवून पाहिलं. गळा मोकळा होता.

मी चहा ठेवला. आग मंद केली.